बंड्याचा नॉमिनी कोण?



खरं तर मी रामबागेतल्या जुन्या घरांवर लिहिणार होतो. पणजोबा सातारकडून होळकर दरबारात कारकुनीला आले, मग आजोबा, मग वडील, अशी ती सगळी साखळी. ते पुन्हा कधीतरी. सध्या एक दुसराच विषय डोक्यात घोळतोय आणि तो आपल्यापैकी बऱ्याच घरांना लागू आहे, म्हणून आधी तोच मांडतो.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा, बी.कॉम. १९७३ साली बँकेत कारकून म्हणून लागलो, पुढे अधिकारी झालो, अर्धा मध्य प्रदेश बदल्यांमध्ये पाहिला आणि २०११ साली इंदुरात निवृत्त झालो. मुलगा पुण्याला, मुलगी कॅनडात. ही २०१९ च्या पावसाळ्यात गेली. घरात आता मी आणि बंड्या.

बंड्या म्हणजे कुत्रा. जातिवंत वगैरे काही नाही, शुद्ध गावठी. रंग चहासारखा, एका कानाला खाच. नसबंदी करून परत सोडलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला अशी खाच पाडतात, ती त्याची पावती. तो आमच्या घरी कसा आला ते सांगायला हवं, कारण मी कुत्रेवाला माणूस नव्हे. उलट फाटकाशी कुत्रं दिसलं की काठी उचलणारा.

ही गेल्यावर दोन महिन्यांनी मी दुधाचा हिशेब बघायला बसलो. सवयच आहे, हिशेब लागला नाही तर झोप लागत नाही. आम्ही दोघं माणसं, आणि दूधवाल्याच्या वहीत रोज अर्धा लिटर जास्त. दोन वर्षांपासून. मी दूधवाल्यावर चिडलो. तो म्हणाला, "बाऊजी, वो तो माताजी ही लेती थीं, कुत्ते के लिए." मला काहीच माहीत नव्हतं. मी संध्याकाळी साडेपाचला फिरायला गेलो की ही मागच्या दाराशी दूध-पोळी ठेवायची, आणि मी परत यायच्या आत भांडं घासून जागेवर. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हिला अर्धा लिटर दूध माझ्यापासून लपवावं लागलं, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी फिरायला गेलो नाही. मागचं दार उघडून बसलो. बंड्या आला, मला बघून दहा पावलांवर थांबला. मी पोळी टाकली. तो हलला नाही. मी दार लोटून आत गेलो तेव्हा खाल्ली. असे तीन आठवडे गेले, मग एक दिवस तो आत आला.

आता तो माझ्या पलंगाखाली झोपतो. सकाळी पाचला हातावर थंड नाक लावतो. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, बंड्या तो रोज घेतो. हात हलला की समाधानाने शेपटी आपटतो आणि पुन्हा झोपतो. सात वाजता कचरागाडी गाणं लावत येते, तेव्हा तिच्या सुरात सूर मिळवून रडतो. इंदूर स्वच्छतेत कितीही वेळा पहिलं येवो, ते गाणं काही त्याला पसंत नाही.

लोक म्हणतात, बरं झालं, सोबत झाली. झालीच. ते नाकारत नाही. पण माझा मुद्दा सोबतीच्या पुढचा आहे.

या दिवाळीत मुलगा, सूनबाई आणि नात आली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुलाने विषय काढला. म्हणाला, "बाबा, आता एकटं राहणं पुरे. गेल्या उन्हाळ्यात चक्कर येऊन पडलात, आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पुण्याला चला." चुकीचं काहीच नव्हतं त्यात. आमच्या गल्लीत मराठी घरं सात, त्यातल्या पाचांत एकेकच म्हातारं माणूस आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. वरच्या खोल्यांना कुलपं. मी विचारलं, "आणि बंड्या?"

तो म्हणाला, "बघू ना. इथे कुणीतरी सांभाळेलच."

मंडळी, हे वाक्य मी ओळखलं. ते माझं होतं.

१९८७ साली मी कुक्षीला शाखाधिकारी होतो. धार जिल्ह्यातलं, निमाडच्या बाजूचं गाव. होळीच्या आधी तिथे भगोरियाचा हाट भरतो, आसपासच्या पाड्यांवरची माणसं नटूनथटून येतात, ढोल-मांदळ, पाळणे, पानाच्या टपऱ्या. हाट उठला आणि संध्याकाळी मुलाला बैलगाडीच्या तळावर एक पिल्लू सापडलं. नऊ वर्षांचा होता. शर्टात गुंडाळून घेऊन आला. नाव ठेवलं भुऱ्या. आई तेव्हा आमच्याकडे होती. आमच्या देवघरात दत्ताची मोठी तसबीर, पायाशी चार कुत्री, आईची रोजची आरती. पण भुऱ्याला उंबऱ्याच्या आत मज्जाव. तो व्हरांड्यात वाढला. मुलगा अभ्यासाला व्हरांड्यातच बसायला लागला.

पुढच्या मेमध्ये रतलामला बदली झाली. सामानाचा ट्रक ठरला. बायको, आई आणि मुलगी बसने पुढे गेल्या, मी आणि मुलगा ट्रकच्या केबिनमध्ये. आदल्या रात्री त्याने विचारलं होतं, भुऱ्याचं काय? मी म्हणालो, "आपला शिपाई आहे, कुणीतरी सांभाळेलच. आणि कुत्रं जागेला धरून असतं, माणसाला नाही." हे मांजराबद्दल म्हणतात. कुत्र्याबद्दल बरोबर उलटं म्हणतात. मला ते माहीत होतं, दहा वर्षांच्या मुलाला माहीत नसेल असं मी धरून चाललो.

ट्रक निघाला आणि भुऱ्या मागे पळत सुटला. आरशात दिसत होता. गाव संपलं तरी पळत होता. ड्रायव्हरने गाडी हळू केली, म्हणाला, "साहब, रोक दूँ क्या?" मी म्हणालो, "चलो, रतलाम पहुँचते रात हो जाएगी."

मुलगा रतलाम येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. रडलासुद्धा नाही. मला वाटलं, शहाणा मुलगा आहे. घरी पोचल्यावर हिला मी तसं सांगितलंही. हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर मी कुक्षीला कामासाठी दोन-तीन फोन केले असतील, शिपायाशीही बोललो, पण भुऱ्याची चौकशी केली नाही. केली असती तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

बँकेत ज्या नोंदीचा मेळ लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकून ठेवतात. नियम असा की ती लवकरात लवकर निकाली काढायची. मी सदतीस वर्षं काढली नाही.

एकटी हीच नोंद असती तरी एक वेळ चाललं असतं. मुलाचा वाढदिवस ३० डिसेंबर. तेव्हा बँकांचं हिशेबाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं, एप्रिल ते मार्चचं वर्ष १९८९ पासून आलं. त्यामुळे त्याचे पहिले दहा वाढदिवस मी शाखेत खतावण्या जुळवत काढले. लोकांना मी हे विनोद म्हणून सांगायचो. पुढे बँकांचं वर्ष बदललं, पण माझी सवय बदलली नाही. अकराव्या वाढदिवसालाही मी घरी नव्हतोच. कारण काय होतं ते आता आठवत नाही, म्हणजे फार मोठं नसणार.

मला वाटायचं, मुलगा हे सगळं विसरला. चार महिन्यांपूर्वी व्हिडिओ कॉलवर नात बंड्याला बघत होती. आठ वर्षांची आहे. अचानक तिने विचारलं, "आजोबा, भुऱ्या ट्रकच्या मागे किती किलोमीटर पळाला होता?"

मी म्हणालो, नेटवर्क गेलं. आणि फोन ठेवला.

तर आता माझं मत. आपल्या वयाच्या माणसाला हल्ली दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक म्हणजे, "कुत्र्यामांजरात जीव कसला अडकवता, देवाचं करा, नातवंडांचं करा." दुसरा त्याच्या बरोबर उलट, "एकटं वाटतं ना? एक पिल्लू घेऊन टाका, वेळ मजेत जातो." मला दोन्ही पटत नाहीत, आणि दुसरा जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो प्रेमाने दिलेला असतो.

ग्वाल्हेरचे आमचे एक स्नेही. पंचाहत्तरीला मुलांनी त्यांना लॅब्राडोरचं पिल्लू भेट दिलं. फोटो छान आले. वर्षभरात ते पिल्लू तीस किलोचं झालं. एका सकाळी त्याने मांजर पाहून हिसडा दिला, हे पडले, खुब्याचं हाड मोडलं. मुलं आली, ऑपरेशन झालं, आणि कुत्रा "कुणाच्या तरी फार्मवर" गेला. कुणाच्या, ते त्यांना आजही नीट माहीत नाही. ते अंथरुणावर पडल्यापडल्या विचारत राहिले आणि घरचे सांगत राहिले की मजेत आहे. ही सोबत नव्हे. मुलांनी स्वतःची अपराधी भावना चार पायांवर पाठवून दिली, असं मी म्हणेन. कुणाला लागलं तर माफ करा.

साधं गणित आहे. कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो, काही त्याहून जास्त. पंचाहत्तरीच्या माणसाने दोन महिन्यांचं पिल्लू घेणं म्हणजे वर्षभराच्या ठेवीवर पंधरा वर्षांचं कर्ज वाटणं. बँकेत याला मिसमॅच म्हणायचो, आणि अशा मिसमॅचने चांगल्या चांगल्या संस्था बुडाल्या आहेत. घ्यायचाच असेल तर पाच-सहा वर्षांचा, शांत झालेला, वजनाने बेताचा घ्यावा. असे कितीतरी फाटकाबाहेर बसलेले असतात. त्यांना फक्त दार उघडं लागतं.

आणि ज्याने घेतलाय त्याने मागची व्यवस्था करावी. बँकेत मी हजारो लोकांकडून नॉमिनेशनचे फॉर्म भरून घेतले असतील. "काका, नॉमिनी टाका, नंतर मुलांना त्रास होतो," हे पाठ झालं होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर एका ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. माझ्या सगळ्या खात्यांना आहेत. लॉकरला आहे. बंड्याला मात्र कुणी नव्हतं. रोज सकाळी माझा हयातीचा दाखला घेणाऱ्या जीवाला, ज्या दिवशी हात हलणार नाही त्या दिवशी पुढे काय, याची एका ओळीची तजवीज मी केलेली नव्हती.

आपल्या कायद्यात जनावराच्या नावाने काही ठेवता येत नाही, कारण तो स्वतःच मालमत्तेत मोडतो. पण सांभाळणाऱ्याच्या नावे मृत्युपत्रात रक्कम ठेवता येते. बंड्याचा खर्च मला महिन्याला तीन हजारांच्या आसपास येतो. खाणं, वर्षाची रेबीजची लस, जंताचं औषध. डॉक्टरांच्या अंदाजाने तो आता आठ-नऊ वर्षांचा आहे. पाच वर्षं धरली तर एक लाख ऐंशी हजार. मी दोन लाख वेगळे काढले. मग माणूस शोधायला निघालो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, मी स्वतःच ऐंशीची. तुम्ही माझं मांजर बघून राहिले, मी तुमचा कुत्रा बघू? कुणाआधी कोण जाईल सांगा!" त्यांचंही बरोबरच.

शेवटी पोहेवाल्या भैयाला विचारलं. आम्ही रोज सकाळी त्याच्या गाडीवर जातो. मी पोहे-जिलेबी खातो, म्हणजे डॉक्टरांना सांगू नका, आणि बंड्या शेव खातो. भैयाला रक्कम सांगितली, मृत्युपत्राचं सांगितलं, लसीचं पुस्तक दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाऊजी, पैसे की बात बाद में. पहले ये बताओ, रात को सोता कहाँ है?"

अडतीस वर्षं मी कर्जाचे अर्ज तपासले. इतका नेमका प्रश्न मला सुचला नव्हता. भैयाचं नाव मी लिहून ठेवलं आहे.

पण पहिला हक्क मुलांचा, असं मला वाटतं, आणि जबाबदारीही त्यांची. आई-वडिलांना न्यायचं तर त्यांच्या पलंगाखाली जो झोपतो त्याच्यासकट न्यावं. "आमच्या सोसायटीत चालत नाही" हे मला सांगू नका. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. त्रास होऊ न देणं, लस देणं, घाण साफ करणं हे आपलं काम, ते मी करतो. हातात पिशवी घेऊन फिरणारा निवृत्त बँक अधिकारी बघून गल्लीतली पोरं हसतात. हसू देत.

कुणी म्हणेल, मुलाला दिला नाही तो वेळ आता कुत्र्याला देऊन भरपाई करताय. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी हे तोंडावर म्हटलंही. मी बराच विचार केला. बंड्याजवळ बसलं की बरं वाटतं, कारण मी बाप म्हणून कसा होतो हे त्याला माहीत नाही. आणि म्हणूनच त्याच्या प्रेमाने ते खातं मिटत नाही. बंड्या मला माफ करू शकत नाही, त्याचं मी काही देणं लागत नाही. ज्याचं लागतो तो पुण्याला आहे, आणि तिथे फोन मलाच करायला हवा होता.

गेल्या महिन्यात केला. रविवारी सकाळी. प्रकृतीचं झालं, हवेचं झालं. मग मी म्हणालो, "कुक्षीहून निघताना मी ट्रक थांबवायला हवा होता."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं या वेळी खरंच नेटवर्क गेलं. मग तो म्हणाला, "ड्रायव्हर थांबवत होता, बाबा."

एवढंच. मी हो म्हणालो. त्यानंतर आम्ही भाज्यांच्या भावावर बोललो.

मला वाटलं होतं की तो म्हणेल, जाऊ द्या, जुनी गोष्ट. तो तसं म्हणाला नाही. वाईट वाटलं, पण बरोबरही वाटलं. जुनी असली तरी त्याची गोष्ट आहे, जाऊ द्यायची की नाही ते त्याने ठरवायचं.

तीन दिवसांनी त्याचा मेसेज आला. बंड्याच्या लसीच्या पुस्तकाचा फोटो मागितला होता. पाठवला. मग विचारलं, गाडीत बसतो का? नाताळच्या सुट्टीत तो कार घेऊन येणार आहे. पुणं इथून सहाशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये दोन ठिकाणी थांबावं लागेल म्हणाला. मी कायमचं येण्याचं कबूल केलेलं नाही. एक महिना राहून बघू म्हटलंय, आम्ही दोघंही. घराची किल्ली भैयाकडे राहील.

सध्या शेजारच्यांच्या उभ्या कारमध्ये मी आणि बंड्या रोज दहा मिनिटं बसतो. मागच्या सीटवर हिची जुनी शाल अंथरली आहे. दार बंद केलं तरी आता चालतं. इंजिन सुरू केलं की मात्र तो अजून दाराला नखं लावतो, मग बंद करतो आणि पुन्हा पहिल्यापासून.